मारिओचा गळा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात गंगाखेडच्या एका शाळेत ध्वनी या विषयावर बोलण्यासाठी गेलो होतो. गंगाखेड तुम्हाला ठाऊक असेलच. परभणी जिल्ह्यातले, गोदाकाठचे, संत जनाबाईंचे जन्मगाव. व्याख्यान सुरू करण्याआधी मुलांना बोलते करावे म्हणून मी विचारले, "तुम्हाला सगळ्यांत आवडणारा आवाज कोणाचा?" लता मंगेशकर, अमिताभ बच्चन अशी उत्तरे येतील असा माझा अंदाज होता. मागच्या बाकावरचा आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मारिओचा!"

वर्ग हसला. त्याने लगेच मारिओचा तो उंच, उड्या मारणारा आवाज काढून दाखवला. मग मारिओचा प्रतिस्पर्धी वारिओ, जाडजूड आणि घोगरा. मुलांनी आग्रह केला तेव्हा 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचूही झाला. नक्कल इतकी हुबेहूब की गुरुजीही हसू लागले. मला मात्र एक गोष्ट खटकली. तिन्ही आवाज संपवून तो स्वतःच्या आवाजात बोलला तेव्हा तो आवाज फाटका, खरखरीत होता. "सर्दी झाली आहे का?" मी विचारले. "नाही सर, दिवाळीपासून असाच बसलाय," तो म्हणाला. दिवाळीला तेव्हा दोन महिने होऊन गेले होते.

ठरवलेले व्याख्यान मी बाजूला ठेवले आणि त्या मुलाच्या आवडत्या आवाजांबद्दलच बोललो. तेच तुम्हालाही सांगतो.

मारिओ हा जपानमधील निन्टेन्डो या संस्थेच्या व्हिडिओ खेळांचा नायक. टोपीवाला, मिशीवाला, चित्रातला माणूस. चित्राला गळा नसतो. मग तो बोलतो कसा? चार्ल्स मार्टिने नावाचा एक अमेरिकी नट १९९० च्या दशकापासून २०२३ पर्यंत मारिओचा आवाज देत असे. गंमत अशी की मारिओचा भाऊ लुइजी, तो घोगरा वारिओ आणि त्याचा जोडीदार वालुइजी यांचेही आवाज त्याचेच! म्हणजे पडद्यावर भांडणारे हे चौघे एकाच गळ्यातून भांडत होते. २०२३ साली तो या कामातून बाजूला झाला आणि केव्हिन अफगाणी या तरुण नटाने मारिओचा आवाज हाती घेतला.

शाळा सुटल्यावर त्या मुलाचे वडील त्याला न्यायला आले होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या लहानपणीचा मारिओ मुका होता. टीव्हीला जोडायच्या खेळाची कॅसेट मिळायची. त्यात नुसतं संगीत आणि टुंग टुंग." त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, आणि त्याचे कारण तुम्ही पाटीवर गणित करून शोधू शकाल.

ध्वनी यंत्रात साठवायचा म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार ठराविक अंतराने मोजून ते आकडे लिहून ठेवायचे. कॉम्पॅक्ट डिस्कवर हे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक आकड्याला २ बाइट जागा लागते. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला ८८,२०० बाइट. स्टिरिओसाठी याच्या दुप्पट, पण ते तूर्त सोडून देऊ. आता १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ, म्हणजे त्यातील सर्व चित्रे, सर्व सूचना, सर्व संगीत, मिळून ४० किलोबाइटांचा होता. ४० गुणिले १,०२४ म्हणजे ४०,९६० बाइट. याला ८८,२०० ने भागा. उत्तर येते ०.४६ सेकंद. सगळा खेळ पुसून टाकून त्या जागी फक्त आवाज भरला असता तरी 'मारिओ' हा शब्द जेमतेम एकदा मावला असता! आवाजाचा दर्जा खूप उतरवला तर आणखी थोडे शब्द बसवता येत, आणि १९८० सालच्या 'बर्झर्क' या खेळातील यंत्रमानव तर बोलण्यासाठीची खास चकती वापरून तीसेक शब्द बोलतही असत. पण तो आवाज यंत्राचा, त्यात माणूस शोधावा लागे.

१९९६ साली 'सुपर मारिओ ६४' आला तेव्हा कॅसेटमध्ये ८ मेगाबाइट जागा होती. वरच्याच हिशेबाने ती सुमारे ९५ सेकंद भरते. म्हणून त्या खेळातला मारिओ लांब भाषणे देत नाही. उडी मारताना एक आरोळी, पडताना एक ओरडणे, बस्स. मार्टिनेने त्या एवढ्याशा आरोळ्यांतच एक आनंदी माणूस उभा केला. आज एकेका खेळाला कित्येक गिगाबाइट जागा मिळते आणि पात्रे तासन्‌तास बोलतात. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळातील अ‍ॅस्टेरियन या पात्राच्या आवाजाबद्दल व अभिनयाबद्दल नील न्यूबन या नटाला त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' समारंभात पारितोषिक मिळाले. मुका खेळ ते अभिनयाचे पारितोषिक, हा प्रवास चाळीस वर्षांत झाला.

आता मूळ प्रश्न. एका गळ्यातून चार माणसे कशी बाहेर पडतात?

गळ्यावर बोटे ठेवून 'आऽऽ' म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. स्वरयंत्रात स्नायूंच्या दोन मऊ घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, स्त्रीत दीड. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने त्या उघडतात, पुन्हा मिटतात, आणि हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. या उघडमिटीच्या संख्येला कंप्रता म्हणतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ती १२५ हर्ट्‌झच्या आसपास असते, स्त्रीच्या २०० हून थोडी अधिक, लहान मुलांच्या त्याहूनही अधिक. स्वरतंतू ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो, अगदी तंबोऱ्याच्या तारेसारखा.

पण नुसत्या सुराच्या चढउताराने माणूस बदलत नाही. हे पटण्यासाठी एक प्रयोग करा. कोणालाही ऐकू जाईल न जाईल अशा कुजबुजत्या आवाजात 'आ, ई, ऊ' म्हणा आणि गळ्यावर बोटे ठेवा. थरथर नाही! स्वरतंतू कंप पावतच नाहीत. तरीही शेजारच्याला आ कोणता, ई कोणता हे बिनचूक कळते. तर मग आ आणि ई यांच्यातला फरक स्वरतंतूंत नाही, तो त्यांच्या वर, घसा व तोंड यांच्या पोकळीत आहे.

ही पोकळी म्हणजे एक नळी आहे. खालचे टोक स्वरतंतूंशी बंद, वरचे ओठांशी उघडे. नळाखाली घागर भरताना तुम्ही ऐकले असेल, पाणी जसजसे वर येते तसतसा आवाज बारीक होत जातो. न पाहताही आई ओळखते की घागर भरत आली. पाणी चढले की वरची हवेची जागा आखूड होते, आणि आखूड पोकळी बारीक सुराला साथ देते. या साथ देण्याला शास्त्रज्ञ अनुस्पंदन म्हणतात. तोंडाच्या नळीतही हेच चालते. एका टोकाला बंद असलेली नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला सर्वांत आधी साथ देते. प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर. चौपट केले तर ६८. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे ३४,००० सेंटिमीटर. भागाकार करा: ५०० हर्ट्‌झ. हीच नळी १५ सेंटिमीटर केली तर सुमारे ५६७ आणि १९ केली तर सुमारे ४४७.

"नळीची लांबी बदलणार कशी?" गंगाखेडच्या एका मुलीने विचारले. चांगला प्रश्न होता. गळ्यावरच्या कंठमण्यावर (मुलींनो, तुमचा कमी दिसतो, पण हाताला लागतो) बोट ठेवा आणि आवंढा गिळा. तो वर सरकतो. आता जांभई द्या. तो खाली उतरतो. स्वरयंत्र असे वरखाली होऊ शकते, म्हणजे नळीचे खालचे टोकच हलते. वरच्या टोकाला ओठ आहेत. हसल्यासारखे ओठ फाकवले की नळी आखूड, चंबू केला की लांब. जिभेची कमान पुढे-मागे केली तर नळी कुठे अरुंद, कुठे रुंद होते. स्वरतंतूंच्या आवाजात मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी सूर मिसळलेले असतात. नळी ही त्यांची गाळणी. ती काही सूर ठळक सोडते, काही दाबून टाकते. गाळणीचा आकार बदला, तेच स्वरतंतू दुसऱ्याच माणसाचे वाटू लागतील. स्वरतंतू ताणून, ओठ फाकवून, स्वरयंत्र वर चढवून बोललात की छोटासा, हसरा मारिओ तयार. तंतू सैल, स्वरयंत्र खाली, ओठ पुढे, की वारिओकडे वाटचाल सुरू. ऐकणाऱ्याच्या मनात आखूड नळीबरोबर लहान शरीर आणि लांब नळीबरोबर मोठे शरीर आपोआप उभे राहते. जन्मापासूनचा अनुभवच तसा असतो.

ही कला काही जपान-अमेरिकेतून आपल्याकडे आलेली नाही. गोदाकाठच्या देवळात उत्तररंगात आख्यान लावणारा कीर्तनकार ऐका. राजा, त्याची राणी, खोडकर लेकरू आणि तिऱ्हाईत म्हातारी, सारे तोच. त्याच्याजवळ ना पडदा ना चित्र. आवाज बदलला की श्रोत्याला समोर म्हातारी दिसते. आणि ज्याला गळाच नाही अशा पात्राला आवाज देण्याचे माझे सर्वांत आवडते मराठी उदाहरण त्या मुलाने वर्गात करूनच दाखवले होते. १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. त्यातली तात्या विंचूची बाहुली शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी तयार केली आणि तिला आवाज दिला दिलीप प्रभावळकर यांनी. आता १९७० च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर गाजलेले त्यांचेच चिमणराव आठवा (आजीआजोबांना विचारा, ते नक्कल करून दाखवतील) आणि पुढच्या काळातले टिपऱ्यांचे आबा. बावळट, घाबरट चिमणराव आणि अंगावर काटा आणणारा तात्या विंचू एकाच घशात राहतात, हे मला अजूनही खरे वाटत नाही. मारिओ आणि वारिओइतकेच हे दोघे एकमेकांपासून दूर आहेत, आणि माझे मत विचाराल तर थोडे अधिकच.

व्हिडिओ खेळाच्या नटापुढे मात्र एक अडचण असते, जी कीर्तनकारापुढे नसते. कीर्तनकाराला कथा कोणत्या वळणाने जाणार हे ठाऊक असते. खेळात वळण ठरवणारे तुम्ही! तुम्ही नायकाला डावीकडे न्याल की विहिरीत पाडाल हे कोणाला ठाऊक? म्हणून प्रत्येक शक्यतेचे वाक्य आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवावे लागते. नट आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या लहानशा खोलीत बहुधा एकटाच उभा असतो. वाक्ये सलग नसतात. शिवाय उडी मारणे, धाप लागणे, दगड उचलणे, ठेच लागणे, भाजणे, उंचावरून पडणे, यांचे नुसते हुंकार आणि किंकाळ्या वेगळ्या, आणि त्याही प्रत्येकी अनेक प्रकारच्या, कारण तीच किंकाळी दहा वेळा ऐकली की खेळणारा कंटाळतो. मायक्रोफोनसमोर एक जाळीदार पडदा असतो. तळहात तोंडापुढे धरून 'म' म्हणा, मग 'फ' म्हणा. पडदा कशासाठी ते कळेल. ख, घ, फ, भ यांनी भरलेल्या आपल्या मराठीला तो पडदा जाडच लागत असावा!

आणि येथेच त्या मुलाच्या बसलेल्या घशाचा प्रश्न येतो.

खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. साध्या बोलण्यात त्या बाजूला राहतात. राक्षसाचा, भुताचा, खरखरीत आवाज काढताना आपण घसा आवळतो तेव्हा त्या घड्याही मध्ये येऊन दाबल्या जातात. ओरडताना खरे तंतू एकमेकांवर जोराने आपटतात. किती वेळा? सूर ५०० हर्ट्‌झवर नेऊन दहा मिनिटे किंचाळलात तर ५०० गुणिले ६०० म्हणजे तीन लाख वेळा. कुदळ धरून तळहाताला घट्टे पडतात ना, तसेच स्वरतंतूंच्या कडेवर, जेथे टक्कर सर्वाधिक होते तेथे, लहान गाठी येऊ शकतात. मग कडा नीट जुळत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज फाटतो. शाळकरी मुलांत असे पुष्कळदा आढळते आणि घशाला विश्रांती व योग्य सवय मिळाली तर बहुधा शस्त्रक्रियेशिवाय बरेही होते. तुमच्या वयात मुलांचा आवाज फुटतो हे खरे. पण तो फुटतो म्हणजे मध्येच बारीक, मध्येच जाड होतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ घसा सतत बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवे. आणि हो, घसा बसला असता जोर लावून कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. थोडे, हळू आणि साध्या आवाजात बोलावे, पाणी प्यावे.

ज्यांचे पोट या गळ्यावर चालते त्यांना हे चांगलेच ठाऊक आहे. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने २०१६ च्या ऑक्टोबरात व्हिडिओ खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. तो अकरा महिने चालला. त्यांच्या मागण्यांपैकी एक अशी होती की किंचाळण्या-ओरडण्याचे काम एका बैठकीत दोन तासांहून अधिक घेऊ नये. पैशांच्या मागण्या तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. दोन मऊ घड्यांसाठी केलेली ही मागणी मला फार शहाणपणाची वाटते.

जुलै २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा संप केला. या वेळी भीती निराळी होती. संगणकाला एखाद्याचे पुरेसे ध्वनिमुद्रण ऐकवले तर त्याचे सूर कसे चढतात, नळी कोणते सूर ठळक सोडते, शब्द कसे जोडले जातात, हे सारे तो आकड्यांत टिपतो आणि त्या माणसाने कधीही न उच्चारलेली वाक्ये त्याच्या आवाजात बोलून दाखवतो. ज्याने गळा झिजवला त्याला विचारायचे की नाही? मोबदला द्यायचा की नाही? हा संप २०२५ साली मिटला तेव्हा, नटाच्या संमतीशिवाय त्याच्या आवाजाची अशी प्रतिकृती वापरायची नाही, हे करारात आले. योगायोग पाहा, जुलै २०२४ मध्येच आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीवाचून संगणकाने केलेली नक्कल वापरण्यास मनाई केली. आवाज ही माणसाची स्वतःची चीज आहे, ही गोष्ट दोन खंडांत एकाच महिन्यात ऐरणीवर आली.

आपल्याकडेही असे खेळ तयार होऊ लागले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली निघाला. भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा आहे आणि दुर्गा व विष्णू यांच्या बोलण्यातून ती आपल्यापुढे उलगडते. परभणीकडच्या बोलीत ठसक्यात बोलणारा नायक मात्र मला अजून कुठल्या खेळात भेटलेला नाही. तो आवाज कोणी तरी द्यायला हवा, असे मी वर्गात म्हणालो तेव्हा साऱ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

दोन-अडीच महिन्यांनी गुरुजींचा फोन आला. मुलाला परभणीला नेऊन दाखवले होते. नाकातून बारीक दुर्बीण घालून डॉक्टरांनी पाहिले. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर दोन छोट्या गाठी होत्या. ओरडणे बंद, तात्या विंचू पूर्ण बंद, आणि श्वास व उच्चार यांचे साधे व्यायाम. आवाज हळूहळू मोकळा होत आहे. वारिओ मात्र त्याने सोडलेला नाही. आता तो घसा न आवळता, जांभईसारखे स्वरयंत्र खाली नेऊन आणि ओठांचा चंबू करून तो आवाज काढतो. "जमतो का?" मी विचारले. गुरुजी हसले. म्हणाले, "पोरं म्हणतात, हा वारिओ नाही, पोटभर जेवून झोपायला निघालेला मारिओ आहे."